बारा सरदारांचें सारखें अर्पण

पवित्र शास्त्र आरंभापासून अखेरपर्यंत क्रमानें वाचून काढण्याचा संकल्प पुष्कळांनीं केलेला असतो. हा संकल्प ज्या ठिकाणीं हटकून डळमळतो, त्यांपैकीं गणनेच्या पुस्तकाचा सातवा अध्याय हें एक होय. या अध्यायांत ८९ वचनें आहेत. ११९ वें स्तोत्र सोडल्यास वचनसंख्येनें एवढा मोठा अध्याय सबंध शास्त्रांत दुसरा नाहीं. आणि एवढ्या विस्तारांत सांगितलें आहे तें काय? तर इस्राएलाच्या बारा वंशांच्या बारा सरदारांनीं बारा दिवस आणलेल्या अर्पणांची यादी. तीं अर्पणें निरनिराळीं असतीं, तर वाचकाचें कुतूहल थोडें तरी टिकलें असतें. परंतु पहिल्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत तेंच ताट, तोच कटोरा, तेंच धूपपात्र, तेच गोऱ्हे आणि तेच मेंढे. आणणाऱ्याचें नांव तेवढें बदलतें. 'वरीलप्रमाणें' हा एक शब्द घातला असता तर सगळें काम चार ओळींत भागलें असतें, असें कोणत्याहि कारकुनास वाटेल. शास्त्राच्या तासाला हा भाग आला म्हणजे विद्यार्थी एकमेकांकडे पाहून हंसूं लागतात. आणि उपदेशासाठीं हा अध्याय निवडणारे पाळकहि विरळाच.

माझें मत मात्र असें आहे कीं, देणगी आणि मोठेपणा यांचें परस्परांशीं नातें कसें असावें याविषयीं इतका स्पष्ट धडा जुन्या करारांत दुसरीकडे क्वचितच सांपडेल. आणि तो धडा या कंटाळवाण्या वाटणाऱ्या पुनरुक्तींतच सांठविलेला आहे.

प्रथम प्रसंग लक्षांत घ्यावा. मिसर देशाच्या दास्यांतून निघालेले लोक सीनाय पर्वतापाशीं तळ देऊन राहिले होते. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशीं निवासमंडप उभा झाला, असें निर्गमाच्या शेवटच्या अध्यायांत सांगितलें आहे. मोशेनें मंडपाला व वेदीला अभिषेक केला, आणि तेव्हां हे बारा सरदार पुढें आले. ते येण्यापूर्वीं त्यांस कोणी आज्ञा केल्याचा उल्लेख नाहीं; पट्टी बसविल्याचाहि उल्लेख नाहीं. उलट, त्यांनीं आणलेल्या वस्तू मोशेनें आपल्या अधिकारानें स्वीकारल्यासुद्धां नाहींत. परमेश्वरानें सांगितल्यावरच त्यानें त्या घेतल्या. देण्याची इच्छा माणसाची असते, परंतु दिलेल्या वस्तूचा विनियोग कसा व्हावा हें ठरविणें देणाऱ्याच्या हातीं नसतें, ही पहिली गोष्ट येथेंच स्पष्ट होते.

आतां त्यांनीं आधीं काय आणलें तें पाहा. सोन्याचांदीचें नांव निघण्यापूर्वीं त्यांनीं सहा झांकलेल्या गाड्या आणि बारा बैल आणले; दोघां सरदारांची मिळून एक गाडी व प्रत्येकाचा एक बैल. या गाड्या कोणासाठीं? निवासमंडप मोडून, उचलून, पुढच्या मुक्कामावर नेऊन पुन्हां उभा करण्याचें काम लेवी वंशाकडे होतें. त्या वंशांत तीन कुळें होतीं. गेर्षोनी कुळाकडे पडदे, कनाती व आच्छादनें. मरारी कुळाकडे फळ्या, अडसर, खांब आणि त्यांच्या उथळ्या. आणि कहाथी कुळाकडे कराराचा कोश, मेज, दीपवृक्ष व वेद्या. मोशेनें गेर्षोन्यांना दोन गाड्या व चार बैल दिले, मरारींना चार गाड्या व आठ बैल दिले, आणि कहाथ्यांना एकहि गाडी दिली नाहीं. कारण पवित्र वस्तू त्यांनीं खांद्यावरूनच न्यावयाच्या होत्या. (पुढें शेंकडों वर्षांनीं दावीद राजानें तोच कोश नव्या गाडीवर चढवून आणावयास काढला, तेव्हां वाटेंत उज्जाचा मृत्यु झाला; आणि नंतर तो कोश लेव्यांच्या खांद्यांवरूनच आणला गेला, ही कथा विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच.)

येथें एक मोठी मार्मिक गोष्ट आहे. बारा सरदारांचें देणें समान होतें, पण त्या देण्याची वांटणी समान झाली नाहीं. ज्याचें ओझें जड, त्यास गाड्या अधिक. खांब व उथळ्या वाहणाऱ्या मरारींस पडदे वाहणाऱ्या गेर्षोन्यांच्या दुप्पट मिळालें. आणि गेर्षोन्यांनीं त्याबद्दल कुरकुर केल्याचें लिहिलेलें नाहीं. देतांना बरोबरी पाहावी आणि वांटतांना गरज पाहावी, हा न्याय एका वाळवंटांतील तळावर एवढ्या प्राचीन काळीं पाळला गेला. वेदीपुढें चांदीचें ताट ठेवण्यापूर्वीं ओझें वाहणाऱ्याच्या खांद्याचा विचार ज्यांनीं केला, ते सरदार मला त्यांच्या चांदीपेक्षां त्या गाड्यांमुळेंच अधिक थोर वाटतात.

हे सरदार होते तरी कोण? जनगणनेच्या कामीं जे मोशेबरोबर उभे होते तेच हे, असें अध्यायांत म्हटलें आहे. अकराव्या शतकांत फ्रान्स देशांत होऊन गेलेला राशी (१०४०–११०५) हा यहुदी भाष्यकार याहून पुढें जाऊन एक जुनी परंपरा सांगतो. मिसरांत विटांची ठराविक संख्या भरली नाहीं म्हणजे फारोचे मुकादम इस्राएली नाईकांस मारीत. त्या नाईकांनीं आपल्या लोकांचा मार आपल्या पाठीवर घेतला, आणि तेच पुढें सरदार झाले, अशी ती परंपरा आहे. ही ऐतिहासिक गोष्ट म्हणून सिद्ध करतां येणार नाहीं. परंतु जुन्या यहुदी गुरूंना सरदारकी कशांत दिसत होती हें तीवरून चांगलें कळतें. ज्यानें आधीं पाठीवर वळ घेतले, त्यानेंच पुढें हातांत ताट घेऊन यावें, असा त्या परंपरेचा आशय दिसतो.

याच राशीनें सरदारांचा एक दोषहि नोंदला आहे. निवासमंडपाच्या बांधकामासाठीं जेव्हां सर्व लोकांनीं आपखुषीनें दानें आणलीं, तेव्हां सरदार म्हणाले कीं, आधीं लोकांस आणूं द्या, जें कमी पडेल तें आम्ही भरून देऊं. पण लोकांनीं इतकें आणलें कीं, आतां पुरे, अशी दवंडी मोशेस द्यावी लागली! मग सरदारांच्या वांट्यास एफोदावर व ऊरपटावर बसवावयाचीं रत्नें, मसाले आणि तेल एवढेंच काय तें उरलें. म्हणून वेदीच्या समर्पणाच्या वेळीं ते सर्वांआधीं आले, असें राशी म्हणतो. उरलेलें मी भरून देईन, हें बोलणें वरवर उदार दिसतें. पण त्यांत आपल्यावांचून काम अडेल अशी अढी असते. काम अडलें नाहीं. सामान्य बायाबापड्यांच्या आंगठ्या आणि कातलेलें सूत यांनीं तें पुरें झालें. मोठ्या माणसांनीं लक्षांत ठेवण्याजोगी ही गोष्ट आहे.

आतां अर्पणांकडे वळूं. प्रत्येक सरदारानें १३० शेकेल वजनाचें चांदीचें एक ताट व ७० शेकेल वजनाचा चांदीचा एक कटोरा आणला. हीं दोन्हीं पात्रें तेलांत मळलेल्या सपिठानें भरलेलीं होतीं. त्याबरोबर १० शेकेल सोन्याचें एक धूपपात्र, धूपानें भरलेलें. होमबलीसाठीं एक गोऱ्हा, एक मेंढा व एक वर्षाचें कोंकरूं. पापबलीसाठीं एक बकरा. आणि शांत्यर्पणासाठीं दोन बैल, पांच मेंढे, पांच बकरे व पांच कोंकरें. शेकेल हें वजन प्राचीन यहूदा देशांत सांपडलेल्या दगडी वजनांवरून सुमारें ११ ग्रॅमांचें ठरतें. म्हणजे तें आपल्या तोळ्याच्या अगदीं जवळ येतें. तेव्हां सोपा हिशेब असा कीं, प्रत्येकानें सुमारें २०० तोळे चांदी आणि १० तोळे सोनें आणलें. अध्यायाच्या शेवटीं बेरीज दिली आहे: चांदी २,४०० शेकेल, सोनें १२० शेकेल. पशूंची एकंदर संख्या मोजली तर ती २५२ भरते.

या बरोबरीचें महत्त्व कळण्यासाठीं बारा वंशांची स्थिति समान नव्हती हें ध्यानांत घेतलें पाहिजे. गणनेच्या पहिल्या अध्यायांतील आंकड्यांप्रमाणें यहूदा वंशांत लढाईस योग्य असे पुरुष ७४,६०० होते, तर मनश्शेच्या वंशांत अवघे ३२,२००. म्हणजे यहूदाच्या निम्म्यांहूनहि कमी. तरी यहूदाचा सरदार नहशोन यानें जें आणलें तेंच मनश्शेच्या गमलीएलानें आणलें. नहशोनानें एक कोंकरूंहि अधिक आणलें नाहीं. वयाचा मान पाहावा तर रऊबेन हा याकोबाचा ज्येष्ठ पुत्र. पण त्याचा सरदार अलीसूर चवथ्या दिवशीं आला. छावणींत जो क्रम लावून दिला होता त्याच क्रमानें, म्हणजे पूर्वेकडील यहूदाच्या निशाणापासून उत्तरेकडील दानाच्या निशाणापर्यंत, हे सरदार आले. कुळाचा मान पाहावा तर गाद व आशेर हे जिल्पा दासीचे, आणि दान व नफताली हे बिल्हा दासीचे पुत्र. दासीपुत्रांच्या वंशजांस वेदीपाशीं हलकें ताट दिलें नाहीं, आणि राहेलीच्या व लेआच्या वंशजांस जड ताट दिलें नाहीं. ज्या समाजांत जन्मावरून पंगत ठरते, तेथील वाचकानें या ओळी दोनदां वाचाव्या. दासीच्या लेकराचें ताट १३० शेकेलांचें आणि पट्टराणीच्या लेकराचें ताटहि १३० शेकेलांचेंच!

कोणी म्हणेल, बरोबरी समजली. पण ती बारा वेळां सांगण्याची काय गरज? या प्रश्नास दोन उत्तरें आहेत. पहिलें उत्तर इतिहासाचें. बारूख लेव्हाईन या अमेरिकन पंडितानें १९६५ सालीं असें दाखवून दिलें कीं, या अध्यायाची मांडणी प्राचीन पश्चिम आशियांतील देवळांच्या दप्तरांत ठेवलेल्या नोंदींसारखी आहे. दिवस, देणारा, वस्तु, वजन, संख्या आणि शेवटीं बेरीज, असा तो हिशेबी क्रम आहे. जमाखर्चाच्या वहींत 'वरीलप्रमाणें' लिहून चालत नाहीं. ज्याची रक्कम त्याच्या नांवावर पडलीच पाहिजे. सार्वजनिक पैशाचा हिशेब कंटाळवाणाच असावा लागतो. तो जेव्हां मनोरंजक होतो, तेव्हां बहुधा कांहीं तरी नाहींसें झालेलें असतें.

दुसरें उत्तर मनाचें आहे. वस्तु एकच असली तरी देणारा एकच नसतो. गणनेवरील जुन्या यहुदी भाष्यांत, ज्यास 'बमिदबार रब्बा' म्हणतात, या बारा अर्पणांचा अर्थ प्रत्येक वंशासाठीं निराळा लाविला आहे. तेंच ताट व तोच कटोरा, पण प्रत्येक सरदार त्यांत आपापल्या कुळाचा इतिहास पाहतो. ते अर्थ आपण मानूं अथवा न मानूं, त्यांच्या मुळाशीं असलेली समजूत खरी आहे. एका वर्गांतील चाळीस मुलें एकच निबंध लिहितात, तरी शिक्षकाला चाळीस निबंध तपासावे लागतात. आणि ज्या मुलाच्या निबंधावर शिक्षकानें 'इतरांप्रमाणेंच' असा शेरा मारला, त्याच्या मनाला काय वाटेल? बाराव्या दिवशीं आलेल्या अहीराचें अर्पण पाहतांना लेखकाची लेखणी थकली नाहीं. पहिल्याइतक्याच शब्दांत त्यानें तें लिहून काढलें. पहिल्या दिवसाचा मान मिळालेल्या नहशोनाच्या नांवामागें तर 'सरदार' ही पदवीसुद्धां नाहीं. ती त्याच्यामागून आलेल्यांच्या नांवांस लावलेली आहे. पहिला नंबर मिळाला एवढें त्यास पुरे, असें यावर यहुदी गुरूंनीं म्हटलें आहे.

हा अध्याय केवळ पोथींतच राहिलेला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. हनुक्का सणाचे आठहि दिवस यहुदी लोक आपल्या सभास्थानांतून याच अध्यायाचे भाग वाचतात. कारण तो सणहि वेदीच्या पुन्हां झालेल्या समर्पणाचा आहे. मराठी ही ज्यांची मातृभाषा आहे आणि शनिवार पाळून तेलाचा धंदा करीत म्हणून कोंकणांत ज्यांस 'शनिवार तेली' म्हणत, त्या बेने इस्राएल समाजाचें मुंबईंतील पहिलें सभास्थान सामुएल इझीकेल दिवेकर यांनीं १७९६ सालीं बांधलें. तेव्हां नहशोन व गमलीएल हीं नांवें आपल्या या भूमींतहि परकीं नाहींत.

अर्पणांतील दोन गोष्टींकडे विशेष लक्ष वेधावेंसें वाटतें. एक म्हणजे पापबलीचा बकरा. लेवीयाच्या चवथ्या अध्यायांत निरनिराळ्या लोकांचे पापबलि सांगितले आहेत. त्यांत सरदाराकडून पाप घडल्यास त्यानें बकरा आणावा असा नियम आहे. या बारा सरदारांकडून कोणतेंहि विशिष्ट पाप घडल्याचें येथें सांगितलेलें नाहीं. तरीहि समारंभाच्या दिवशीं, सर्व लोकांच्या देखत, चांदीसोन्याबरोबर प्रत्येकानें तो बकरा आणला. आपणहि चुकणारे आहों, हें गौरवाच्या दिवशींच कबूल करणें सोपें नाहीं. आपल्याकडे देणगीदाराचा सत्कार होतो तेव्हां हार असतो, मानपत्र असतें, भाषणें असतात. या समारंभांत बकऱ्याला जागा नसते.

दुसरी गोष्ट शांत्यर्पणाची. होमबलि पूर्णपणें वेदीवर जळे. परंतु शांत्यर्पणांत चरबी वेदीवर जाई, ऊर व उजवी मांडी याजकांस मिळे, आणि उरलेलें मांस अर्पण करणारा आपल्या माणसांसह खाई. आतां आंकडे पाहा. प्रत्येक सरदारानें आणलेल्या २१ पशूंपैकीं १७ शांत्यर्पणाचे होते. एकंदर २५२ पैकीं २०४. म्हणजे देवाला वाहिलेल्या अर्पणाचा फार मोठा भाग पंगतीच्या रूपानें माणसांकडे परत आला. बारा दिवस पवित्रस्थानासमोर जेवणावळ चालली होती म्हणा ना! देवाला देणें आणि शेजाऱ्याला जेवूं घालणें, यांमध्यें आपण जी भिंत उभी करतों, ती या उपासनेंत नव्हती.

येथवर जें लिहिलें त्यावर दोन आक्षेप येतील, आणि ते दोन्हीं वजनदार आहेत. पहिला आक्षेप संदेष्ट्यांचा. आमोस, यशया व मीखा यांनीं होमबलि आणि सणउत्सव यांवर कठोर टीका केली आहे. न्याय नसेल तर देवाला तुमचीं अर्पणें नकोत, असें त्यांचें सांगणें होतें. मग एवढ्या ताटांचें व मेंढ्यांचें कौतुक कां करावें? माझें उत्तर असें कीं, या अध्यायाची किंमत ताटांत नाहींच. ती ताटांच्या बरोबरींत आणि गाड्यांच्या वांटणींत आहे. ज्या दिवशीं हीं अर्पणें आलीं, त्या दिवशीं दुबळ्या वंशाचा मान राखला गेला आणि भारवाह्यांचा भार हलका झाला. संदेष्ट्यांनीं ज्यांवर कोरडे ओढले, त्या नंतरच्या काळच्या अर्पणांतून नेमकें हेंच निघून गेलें होतें.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे, आणि तो याच पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायांतून निघतो. तेथें कोरह बंड करतो. त्याच्या बरोबर दाथान व अबीराम हे रऊबेनी, आणि मंडळीचे २५० सरदार. हा कोरह कहाथी कुळांतला. म्हणजे ज्या कुळास गाडी मिळाली नव्हती त्या कुळांतला! आणि रऊबेन म्हणजे ज्याचें ज्येष्ठपण मागें पडलें तो वंश. ते २५० जण हातांत धूपाटणें घेऊन, त्यांत धूप घालून परमेश्वरापुढें उभे राहिले, आणि त्यांचा नाश झाला. मग सातव्या अध्यायांतील धूपपात्रांचा उपयोग काय झाला? बरोबरीच्या अर्पणानें मत्सर मेला नाहींच!

हा आक्षेप मी टाळूं इच्छित नाहीं. अर्पणाचा विधि माणसाचें मन कायमचें बदलतो, असें शास्त्र कोठेंहि म्हणत नाहीं. परंतु या दोन अध्यायांतील धूप शेजारीं शेजारीं ठेवून पाहावा. सातव्या अध्यायांत दिवसाला एकच सरदार येतो. बाकीचे अकराजण थांबतात. बाराव्या दिवसाची वाट पाहणाऱ्या अहीराला अकरा दिवस दुसऱ्याचा सन्मान पाहावा लागला. सोळाव्या अध्यायांत कोणीहि थांबावयास तयार नाहीं. अडीचशें धूपाटणीं एकदम पुढें येतात, आणि तीं दुसऱ्याचें स्थान घेण्यासाठीं येतात. धूप तोच, पण एका ठिकाणीं तो थांबतां येणाऱ्या माणसाच्या हातांत आहे आणि दुसऱ्या ठिकाणीं थांबतां न येणाऱ्याच्या. आणि कहाथ्यांस गाडी मिळाली नाहीं, ती त्यांचें ओझें सर्वांत पवित्र होतें म्हणून. गाडी न मिळणें हा मान होता. कोरहाला मात्र आपल्या खांद्यावर काय आहे तें दिसलें नाहीं, आणि अहरोनाच्या डोक्यावर काय आहे तेवढेंच दिसलें. असला डोळा आजहि पुष्कळांस असतो.

यावरून आपल्या शाळांसाठीं व मंडळ्यांसाठीं मी एक सूचना करूं इच्छितों. आपल्याकडे कापणीच्या सणाला, नाताळाला, शाळेच्या इमारतीसाठीं, पूरग्रस्तांसाठीं वर्गण्या जमतात. पुष्कळ ठिकाणीं कोणी किती दिले हें मोठ्यानें वाचून दाखवितात. मोठ्या रकमेला टाळ्या पडतात, आणि ज्या मुलाच्या बापाची मजुरी त्या आठवड्यांत बुडाली, तो मुलगा मान खालीं घालून बसतो. याचें समर्थन करणारे म्हणतात कीं, चढाओढ लागल्यावांचून पैसा जमत नाहीं. आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब उघड असलाच पाहिजे.

हिशेब उघड असावा हें मलाहि पूर्ण मान्य आहे. या अध्यायासारखा काटेकोर हिशेब तर कोठेंच नाहीं. म्हणून माझी सूचना अशी: रकमांची नोंद वहींत बिनचूक असावी आणि ती तपासणारांस खुली असावी, सभेंत मात्र नांवें सर्वांचीं, एकहि न गाळतां वाचावीं, आणि शेवटीं बेरीज सांगावी. सरदारांच्या रकमा उघड लिहिल्या गेल्या, कारण त्या सारख्या होत्या. त्या वाचल्यानें कोणाची मान खालीं जात नव्हती. आपल्या रकमा सारख्या नसतात, आणि सर्वांनीं सारखीच रक्कम द्यावी असा आग्रहहि धरूं नये. इस्राएलाच्या नियमशास्त्रानेंहि तो सर्वत्र धरलेला नाहीं. गणनेच्या वेळीं श्रीमंत व गरीब दोघांनींहि अर्धा शेकेलच द्यावयाचा होता, हें खरें. परंतु ज्याला कोंकरूं आणण्याची ऐपत नसे त्याला होल्यांची किंवा पारव्यांच्या पिल्लांची जोडी आणण्याची, आणि कांहीं पापबलींच्या बाबतींत तेवढीहि ऐपत नसल्यास थोडें सपीठ आणण्याची मुभा होती. येशूच्या मातापित्यांनीं मंदिरांत जें आणलें तें गरिबांचें अर्पण, म्हणजे पक्ष्यांची जोडी होती. आणि भांडारापाशीं बसून प्रभूनें ज्या विधवेच्या दोन टोल्या मोजल्या, त्यांची बेरीज त्यानें शेकेलांत केली नाहीं.

चढाओढ थांबली तर वर्गणी कमी होईल काय? एखाद्या वर्षीं होईलहि. परंतु ज्या लोकांना दवंडी देऊन 'पुरे' म्हणावें लागलें, त्यांनीं तें दान दिलें तेव्हां त्यांच्यांतल्या एकाचीहि रक्कम कोणी वाचून दाखविली नव्हती.

अध्यायाचा शेवट फार शांत आहे. बारा दिवस संपले, बेरीज झाली. मग मोशे दर्शनमंडपांत गेला, आणि दयासनावरून, दोन करूबांच्या मधून, त्याच्याशीं बोलणारी वाणी त्यानें ऐकली. त्या वाणीनें नहशोनाची वाहवा केली, किंवा अमक्याचें ताट अधिक लखलखीत होतें असें सांगितलें, यांतलें कांहीं लिहिलेलें नाहीं. दिलेलें देऊन झालें. आतां ऐकावयाचें होतें, आणि थोड्याच दिवसांत तळ उठवून पुढें चालावयाचें होतें. विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या खेपेस या अध्यायापाशीं याल तेव्हां पानें उलटूं नका. बाराहि नांवें सावकाश वाचा; आणि त्यांत मरारींच्या चार गाड्या मोजावयास विसरूं नका.